राम्स्टाइनचे व्हिडिओ: चित्रपट खरा की जाहिरात?

निरंजन वि.:

बर्लिनच्या राम्स्टाइन या बँडने २६ मार्च २०१९ रोजी पस्तीस सेकंदांची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. छळछावणीतल्या कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले बँडचे सदस्य गळ्यात फास घेऊन उभे आहेत, आणि मग जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत 'डॉइचलांट' हे गाण्याचे नाव व रोमन आकड्यांत तारीख, एवढेच तीत होते. नाझी राजवटीत बालपणी लपून राहिल्यामुळे वाचलेल्या शार्लोटे क्नोब्लोख यांनी हे होलोकॉस्टचे क्षुल्लकीकरण असल्याचे सांगितले, तर जर्मन सरकारचे ज्यूद्वेषविरोधी आयुक्त फेलिक्स क्लाइन यांनी खपासाठी कलास्वातंत्र्याचा गैरफायदा घेतल्याची टीका केली. २८ मार्चला नऊ मिनिटांहून मोठा संपूर्ण व्हिडिओ आला, आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर बदलला.

माझ्या मते हा व्हिडिओ अलीकडच्या जर्मन लोकप्रिय कलेतला अत्यंत गंभीर ऐवज आहे, आणि ती पस्तीस सेकंदांची जाहिरात ही त्याच व्हिडिओशी केलेली बेइमानी आहे. इसवी सन १६ मधल्या जंगलातून तो सुरू होतो. मग मेजावर पडलेल्या जर्मानियाच्या, म्हणजे जर्मन राष्ट्राच्या स्त्रीरूपाच्या, देहावरून जेवणारे मध्ययुगीन भिक्षू, विसाच्या दशकातले मुष्टियोद्धे, हिंडेनबुर्ग या हवाई जहाजाचे जळते अवशेष, छळछावणी, पूर्व जर्मनीचे पक्षनेते आणि सत्तरच्या दशकातले डावे अतिरेकी असा दोन हजार वर्षांचा प्रवास उलटसुलट क्रमाने होतो. प्रत्येक काळात तेच सहा पुरुष कपडे बदलून येतात. एका दृश्यात फासाखाली उभी असलेली टोळी दुसऱ्या दृश्यात फास देणाऱ्यांच्या गणवेशात दिसते, आणि व्हिडिओचे सारे म्हणणे याच अदलाबदलीत आहे. जाहिरातीने त्यातला बळी तेवढा ठेवला आणि मारेकरी कापून टाकला. ज्यांनी पस्तीस सेकंद पाहून संताप व्यक्त केला, त्यांनी समोर ठेवलेल्या गोष्टीवरच संताप व्यक्त केला. त्यांना उतावीळ म्हणण्याचा अधिकार बँडला नाही.

मृण्मयी जोग:

मी पुण्यात जर्मन शिकवते, आणि वर्गात येणाऱ्या तरुणांपैकी बरेच जण या बँडमुळेच भाषेकडे वळलेले असतात. त्यामुळे हा विषय मला दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागतो. आपण जाहिरात आणि चित्रपट यांत जी भिंत उभी करता आहात, ती मला मान्य नाही. 'जर्मनी' हे नाव आणि फासाचे दोर एकत्र पाहिले की देशाची पहिली प्रतिक्रिया काय होते, हे त्या दोन दिवसांत सर्वांना दिसले. जो देश आपल्या नावाच्या गाण्यात स्वतःचे प्रेम देऊ शकत नाही असे म्हणणारा गायक ऐकणार होता, त्याला आधी ते दोन दिवस काढायला लावणे हा व्हिडिओचाच पहिला अंक होता.

शिवाय या चर्चेत जर्मानियाबद्दल कोणीच फारसे बोलत नाही, याचे मला नवल वाटते. १८४८ साली फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्शमध्ये, म्हणजे पहिल्या जर्मन राष्ट्रीय संसदेच्या सभागृहात, फिलिप फाइटने रंगवलेली जर्मानिया टांगली होती: गोरी, हाती ध्वज आणि तलवार घेतलेली. या व्हिडिओत तीच राष्ट्रदेवता रूबी कॉमी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री साकारते. ती राणी आहे, नाझी गणवेशातली अधिकारी आहे, शेवटी काचेच्या शवपेटीतून अंतराळात जाणारी प्रेतमूर्ती आहे. उजव्या टोकाच्या जर्मनांना फासाच्या दोरापेक्षा ही निवड अधिक झोंबली असणार, असे माझे मत आहे.

अनंत देव:

दोघांच्याही लेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे या मंडळींना काहीतरी सांगायचे आहे. मला तसे वाटत नाही. 'डॉइचलांट'चा दिग्दर्शक स्पेक्टर बर्लिन हा 'आग्रो बर्लिन' या रॅप संगीत कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आहे, आणि त्या कंपनीचा सारा धंदा पालकांना भडकवून मुलांना विकण्यावर चालला होता. २००९ साली याच बँडने 'पुसी' या गाण्याचा उघडउघड अश्लील व्हिडिओ थेट प्रौढांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला, शरीरप्रदर्शनाच्या दृश्यांसाठी बदली कलाकार वापरले, आणि ते गाणे जर्मनीत त्यांचे पहिले क्रमांक एकचे गाणे ठरले. दुसरे कोणते? 'डॉइचलांट'. यावरून कोणी काय निष्कर्ष काढायचा ते काढावा. मी काढलेला आहे.

आणि 'माइन टाइल' हे गाणे विसरू नये. आर्मिन माइव्हेस या माणसाने २००१ साली एका माणसाला ठार मारून त्याचे मांस खाल्ले, डिसेंबर २००२ मध्ये तो पकडला गेला, २००४ च्या आरंभी त्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली आणि २००६ साली फेरसुनावणीत जन्मठेप झाली. या दोन निकालांच्या मध्ये, २००४ च्या उन्हाळ्यात, राम्स्टाइनचे गाणे आणि व्हिडिओ आला. मृताचे नातेवाईक तेव्हा जिवंत होते, खटला संपलेला नव्हता. एमटीव्हीने तो व्हिडिओ जर्मनीत रात्री अकरानंतरच दाखवला, आणि मला वाटते हीच बँडसाठी सर्वोत्तम जाहिरात होती.

निरंजन वि.:

'पुसी'बद्दल आपल्याशी वाद घालण्याची इच्छा नाही. तो एक शाळकरी विनोद आहे. 'माइन टाइल' मात्र वेगळा आहे. त्या व्हिडिओत प्रत्येक सदस्य एकेकटा एक झटका आल्यासारखा वागतो, आणि शेवटी स्त्रीवेशातला ढोलवादक श्नायडर उरलेल्यांना पट्ट्याला बांधून बर्लिनच्या भुयारी रेल्वेस्थानकातून रस्त्यावर आणतो. माइव्हेसची नक्कल त्यात नाही, मृताची तर नाहीच. त्याच घटनेवरचा एक कथाचित्रपट, त्यात माइव्हेसचे आयुष्य ओळखू येईल असे मांडले होते म्हणून, त्याच्या तक्रारीवरून जर्मन न्यायालयाने २००६ साली रोखला; २००९ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो मोकळा झाला. राम्स्टाइनने तो मार्ग टाळला.

मला खरी अडचण वाटते ती १९९८ च्या 'स्ट्रिप्ड'ची. डेपेश मोड या ब्रिटिश बँडचे गाणे यांनी पुन्हा गायले आणि त्याला लेनी रीफेनश्टाल या नाझी काळातल्या दिग्दर्शिकेच्या 'ओलिम्पिया'तली दृश्ये जोडली. हा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवरचा, १९३८ साली प्रदर्शित झालेला, नाझी राजवटीच्या पैशाने घडलेला चित्रपट. सुदृढ शरीरे, हवेत झेपावून पाण्यात सूर मारणारे खेळाडू, मशाल, आकाश. ध्वज आणि चिन्हे वगळलेली. म्हणजे ज्या सौंदर्याने त्या राजवटीची सेवा केली ते सौंदर्य धुऊन पुसून मांडले, आणि ते कोणाच्या कामी आले हे मात्र पडद्याबाहेर ठेवले. टीका झाली तेव्हा बँडने २००१ साली 'लिंक्स २-३-४' काढले, ज्यात आपले हृदय डावीकडे धडधडते असे जाहीर केले आहे. शब्द डावे, पण ताल सैनिकी बुटांचा. ते उत्तर मला कधीच पुरेसे वाटले नाही. 'डॉइचलांट' ही मी 'स्ट्रिप्ड'ची एकवीस वर्षांनी केलेली दुरुस्ती मानतो: या वेळी शरीरांसोबत प्रेतेही दाखवली गेली.

श्रीकांत (लाइपझिग):

मी गेली काही वर्षे या शहरात राहतो, गायक टिल लिंडेमान इथेच १९६३ साली जन्मला. सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले आहेत ही गोष्ट तिन्ही बाजू विसरत आहेत. त्या राज्याने शाळेत शिकवले की फॅसिझम ही पश्चिमेकडच्या भांडवलदारांची वारसदारी आहे आणि आपण जन्मतःच त्यातून मुक्त आहोत. त्याच राज्यात बँडला व्यासपीठावर उभे राहायला सरकारी समितीचा परवाना लागे. फ्लाके, लांडर्स आणि श्नायडर हे तिघे पूर्व बर्लिनच्या 'फीलिंग बी' या पंक बँडमधून आलेले आहेत. वरिष्ठ काय ऐकू इच्छितात हे ओळखून नेमके त्याच्या उलट, पण पकडता येणार नाही अशा स्वरात बोलणे, ही त्यांची तरुणपणातली तालीम होती. १९९० नंतर समिती गेली, सवय राहिली. देवसाहेबांना जो धंदा दिसतो त्याचा पाया असा आहे; धंदा नाही असे मात्र मी म्हणणार नाही.

मृण्मयी जोग:

परवान्यावरून आठवले. एकत्रित जर्मनीतही त्यांना समिती भेटलीच. नोव्हेंबर २००९ मध्ये अल्पवयीनांना घातक ठरणाऱ्या माध्यमांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेने त्यांचा अल्बम एका गाण्यामुळे आणि आतल्या एका छायाचित्रामुळे यादीत टाकला, त्यामुळे तो दुकानात उघड मांडता येईना. २०१० च्या मे महिन्याअखेर कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि अल्बम यादीतून निघाला. जिथे खरोखर आक्षेप टिकायला हवा होता तिथे तो सहा-सात महिनेही टिकला नाही.

वैदेही:

२०२३ साली लिंडेमानवर मैफलींनंतरच्या वर्तनाबद्दल झालेल्या आरोपांचा या चर्चेत उल्लेख व्हायला हवा की नाही? त्याने ते आरोप नाकारले, आणि बर्लिनच्या सरकारी वकिलांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुरेशा पुराव्याअभावी तपास बंद केला, हे मला माहीत आहे. पण तरीही 'पुसी'सारखा व्हिडिओ आज पाहताना तो शाळकरी विनोद वाटत नाही.

निरंजन वि.:

उल्लेख झाला, नोंद राहील; ज्या तपासातून खटला उभा राहिला नाही त्याच्या आधारे व्हिडिओंचा निकाल लावू नये एवढीच विनंती आहे.

अनंत देव:

मूळ मुद्द्याकडे येतो. निरंजनजी म्हणतात की बळी आणि मारेकरी यांची अदलाबदल हेच 'डॉइचलांट'चे म्हणणे आहे. मला तीच त्याची सर्वांत मोठी चूक वाटते. कैद्यांच्या छातीवर पिवळा तारा आहे, गुलाबी त्रिकोण आहे. ज्यांच्या घराण्यात तो तारा कधी आला नाही अशा पुरुषांनी तो लावायचा, पुढच्या दृश्यात काढून ठेवायचा आणि सांगायचे की इतिहासात सगळेच सगळे काही होते! तो तारा ज्यांच्या छातीवर होता त्यांना तो काढता येत नव्हता.

मृण्मयी जोग:

तारा एकट्याने पाहू नये. मागे व्ही-२ हे नाझी जर्मनीचे युद्धरॉकेट उडते, म्हणून बहुतेकांनी ही छावणी मिटेलबाउ-डोरा मानली आहे. नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगराच्या भुयारांत तिथे कैद्यांकडून हीच रॉकेटे बनवून घेतली जात. सुमारे साठ हजार कैदी तिथे आणले गेले आणि त्यांतले वीस हजारांच्या आसपास मेले. घातपाताच्या संशयावरून तिथे कैद्यांना इतरांच्या देखत फासावर दिले जाई. म्हणजे तो फास कलाकाराने सजावटीसाठी आणलेला नाही. ज्या रॉकेटविद्येचे पुढे चंद्रापर्यंत कौतुक झाले तिच्या पायथ्याशी हा फास होता, आणि एका चौकटीत दोन्ही ठेवणारा लोकप्रिय व्हिडिओ मला दुसरा माहीत नाही.

अनंत देव:

रॉकेट भुयारांत बनत, तिथून उडवले जात नसे. पण ते सोडून देऊ, चौकटीसाठी तेवढी सूट मी देतो. सुटत नाही ती पुढची गोष्ट: त्याच व्हिडिओत पुढे कैदी बंदुका घेऊन नाझींना गोळ्या घालतात. एप्रिल १९४५ मध्ये डोराचे बहुतेक कैदी मृत्यूयात्रांना हाकलले गेले होते, आणि ११ तारखेला अमेरिकन सैनिक नॉर्डहाउझेनला पोचले तेव्हा त्यांना प्रेतांचे ढीग आणि मरणासन्न माणसे सापडली. बंदूक कोणाच्याच हाती नव्हती. हा सूड ज्यांनी सोसले त्यांच्या वाट्याला आला नाही; तो जर्मन प्रेक्षकाला हलके वाटावे म्हणून घातला आहे.

निरंजन वि.:

त्या गोळीबाराबद्दल आपल्या बाजूने इतके ठाम बोलता येते, हे मान्य करायला हरकत नाही. पण तो गोळीबार पाहून हलके वाटते, यावर माझा विश्वास नाही. गोळी झाडणारे आणि खाणारे दोघेही तेच सहा चेहरे आहेत, आणि त्या व्हिडिओत यानंतरही जर्मानिया जिवंतच राहते. फासाची चौकट जाहिरातीत आली आणि गोळीबाराची आली नाही, यावरून बँडला कोणते चित्र विकले जाईल असे वाटले ते कळते. म्हणूनच माझा आक्षेप त्या पस्तीस सेकंदांवर आहे आणि तिथेच राहील.