बाळ पायाळू, पुढच्या गुरुवारी सिझर ठरलंय, काय तयारी करू?

नाशिकची_होणारी_आई:
मैत्रिणींनो, ३८वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. बाळ पायाळू आहे त्यामुळे डॉक्टर बाईंनी ३९ पूर्ण झाले की सिझर करू म्हणून सांगितलंय. नऊ महिने नॉर्मलच होणार असं धरून व्यायाम केले आणि आता एकदम हे, दोन दिवस नुसती रडतेय. कंबरेत इंजेक्शन देतात ते खूप दुखतं का, नंतर कंबर कायमची जाते म्हणतात ते खरं का? आई येणार आहे पण तिचे गुडघे दुखतात, रात्री तिला कसं जागवू? सासूबाई म्हणतात सिझर म्हणजे सोपं, कळा नाहीत काही नाहीत. ज्यांचं झालंय त्यांनी खरं खरं सांगा प्लीज

दोन_पिल्लांची_आई:
अगं रडू आलं तर रड, मीही रडले होते, माझंही पहिलं पायाळूच. इंजेक्शनचं एवढं काही नाही, पाठ गोल करून बसवतात आणि हलायचं नाही, सलाईनची सुई टोचते तसंच वाटलं. मग पाय जड होतात. कापलेलं दुखत नाही पण पोटात ओढाताण चाललेली कळते, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून मी फार घाबरले. थंडी वाजून दात वाजतात तेही नेहमीचं आहे. बाळ ५-१० मिनिटांत बाहेर येतं, टाके घालायलाच अर्धा पाऊण तास लागतो.

खरं अवघड असतं ते पहिल्यांदा उठणं. दुधातून बाळाला जाईल या भीतीने मी दुखण्याची गोळीच घेत नव्हते, दुसऱ्या दिवशी कूस बदलता येईना आणि बाळाला नीट पाजताही येईना. शेवटी राउंडला डॉक्टरांनी समजावलं की ज्या गोळ्या देतोय त्या पाजताना चालतात. वेळेवर घे, सहन करत बसू नको. उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटा देऊन बस. खोकला शिंक आली की टाक्यांवर उशी दाबून धरायची, घरून एक छोटी उशी नेच. पुढून उघडणारे गाउन, कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या सैल निकर (इलॅस्टिक टाक्यावर नको), भरपूर पॅड कारण सिझरनंतरही अंगावरून जातंच, नुसत्या सरकवायच्या चपला, लांब वायरचा चार्जर. बाळाला जुन्या मऊ साडीची दुपटी धुऊन ठेव.

वॉर्डातली_सिस्टर:
ताई, मी सरकारी प्रसूती वॉर्डात आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी किती वेळ ते तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील, साधारण ६ तास अन्न नाही. नेलपेंट काढून या आणि घरी रेझर अजिबात फिरवू नका, बारीक जखमांतून इन्फेक्शन होतं. लघवीची नळी निघाली की धरून धरून चाला, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून आम्ही मागे लागतो, त्रास द्यायला नाही. कंबर कायमची जाते हे खरं नाही, सुईच्या जागी थोडे दिवस दुखू शकतं. पण उठून बसलं की डोकं फार दुखतंय असं झालं तर लगेच सांगा.

बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्या, ऑपरेशन थिएटरमध्येच मागून घ्या. पहिले दिवस चीक थोडाच येतो, पहिल्या दिवशी बाळाचं पोट तेवढंच असतं, दूधच नाही म्हणून नातेवाईक लगेच पावडर आणायला धावतात ते थांबवा. टाक्यावर वजन नको म्हणून बाळ बगलेत धरून पाजा. घरी गेल्यावर ताप, टाक्यातून पाणी, तासाभरात पॅड भरणं, एका पोटरीला सूज, यातलं काही झालं तर वाट बघू नका.

आणि पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, सिझरवाल्या बाईला ७ दिवसांपर्यंत जेवणही.

पुण्याचा_बाबा:
वहिनी, रात्रीचं आईंवर टाकू नका, नवऱ्याला थांबवा. आमच्याकडे आई दिवसा, मी रात्री. लंगोट बदलणं, बाळ उचलून हिच्या हातात देणं, ढेकर काढणं सगळं मीच केलं, हिला फक्त पाजायचं. पुरुषांना रात्री वॉर्डात राहू देतात का ते आधीच विचारा, आमच्या दवाखान्यात त्यासाठी वेगळी रूम घ्यावी लागली. विमा असेल तर कॅशलेसचा फॉर्मही ॲडमिट व्हायच्या आधी भरा.

नाशिकची_होणारी_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने गुरुवारपासून आठवडाभर रजा टाकली. सासूबाईंनाही सिस्टरताईंचं वाचायला दिलं, त्या काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी दुपटी धुवायला घेतली. एकच राहिलं, आईने डिंकाचे लाडू करून ठेवलेत, ते कधीपासून खाऊ?

दोन_पिल्लांची_आई:
दवाखान्यात नको गं, आधी गॅस पास होऊ दे. पहिले दिवस पेज, मऊ भात, मुगाचं वरण. लाडू घरी गेल्यावर, पोट साफ व्हायला लागलं की. गुरुवारी कळव हं, वाट बघतेय