थंडीत पहाटे डिझेल गाडी धरत नाही, बॅटरी बदलू का?

द्राक्षबाग_निफाड:
नमस्कार मंडळी. आमची 2012 ची डिझेल कार आहे, 1.3 लिटर, चार सिलिंडर. दिवाळीपर्यंत काही तक्रार नव्हती. आता निफाडला पारा 6 अंशांवर आलाय, बागांतून रात्रभर शेकोट्या पेटतायत आणि पहाटे पाचला गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. सेल्फ मारत राहायचं, मागून पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास, मग कधीतरी खडखडत धरते. दुपारी मात्र अर्ध्या चावीत चालू. वडिलांचं नाशिकला डायलिसिस असतं, सकाळची पहिली पाळी, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. गॅरेजवाले म्हणतात बॅटरी बदला. बदलू का?

जुना_फिटर:
दादा, आधी सांगा, सेल्फ रडत-रडत फिरतो की जोरात?

द्राक्षबाग_निफाड:
जोरात फिरतो. पण इंजिन धरत नाही.

जुना_फिटर:
मग बॅटरीचे पैसे खिशातच ठेवा. थंडीत बॅटरीची ताकद घटते हे खरं, पण ती कमजोर असती तर सेल्फच जड फिरला असता. तुमच्याकडे सेल्फ आपलं काम चोख करतोय, डिझेलही पोचतंय, ते पेटत नाहीये. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. गार पहाटे ती उष्णता हेड-ब्लॉकचा (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा सिलिंडरांचा ठोकळा) थंड धातू खाऊन टाकतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग दिलेला असतो. माझा संशय तिथंच.

तपासणी घरी होते. चावी बंद ठेवून प्लगवरची वायर काढा. बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर आतली कॉइल शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. चारही बघा. सगळे चांगले निघाले तर करंटच येत नाही, मग फ्यूज आणि रिले (प्लगला करंट जोडणारा स्विच) बघा. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो म्हणून निर्धास्त राहू नका, जुन्या गाड्यांत प्लग मेले तरी तो लागतो.

तोवर पहाटे चावी ऑन करा, पिवळा दिवा विझू द्या, चावी बंद, परत ऑन. असं दोन-तीनदा करून मगच सेल्फ मारा, तोही दहा सेकंदांच्या वर नाही. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापून जाईल. आणि हवेच्या फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो भडकतो, पिस्टनची वाट लागते.

लेह_ड्युटी:
डिझेल गोठलं असेल असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ती आमच्याकडची अडचण. त्यासाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल आणलं. निफाडच्या 6 अंशांत साधं डिझेल व्यवस्थित वाहतं. टाकीत रॉकेल मिसळण्याच्या फंदात पडू नका, पंप आणि इंजेक्टरला लागणारं वंगण त्यानं कमी होतं.

द्राक्षबाग_निफाड:
फिटरदादा, तुमचा संशय खरा निघाला. चारपैकी एकावरच दिवा लागला. तीन प्लग गेलेत! नवे मी स्वतः बसवू का?

जुना_फिटर:
चारही नवे घ्या, पण काढायचं काम अनुभवी माणसाकडून करून घ्या. हे प्लग बारीक असतात, वर्षानुवर्षं कार्बननं चिकटतात आणि जोर लावला की हेडमध्येच तुटतात. मग हेड उतरवायची पाळी येते. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, गाडी चालवत गॅरेजला न्या आणि इंजिन गरम असतानाच प्लग सैल करायला सांगा. थोडा सुटला की परत किंचित आवळायचा, परत सोडायचा. समोर उभे राहा, घाई करू देऊ नका. आणि डायलिसिसच्या दिवशी हे काम काढू नका, आदल्या दिवशीही नको.