परराज्यातून आलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या मुलीची नोंद कशी करावी?

प्रश्न – शिक्षक, यावल तालुका

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा केळीच्या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील एक पावरा आदिवासी कुटुंब शेतावर राहायला आले असून त्यांची आठ वर्षांची मुलगी सध्या तिसरीच्या वर्गात बसते. तिच्याजवळ दाखला नाही आणि जन्माचा पुरावाही नाही. फळ्यावरचे ती सुबक उतरवते, पण श्रुतलेखनाच्या वेळी तिची पाटी कोरी राहते. घरी पावरी बोलतात, म्हणून हा भाषेचा अडसर असेल असे मी आठवडाभर समजत होतो. एके दिवशी तिच्या आईने दारातून पावरीतच हाक मारली, तेव्हाही तिने मान वळवली नाही. प्रमाणपत्र नसताना दिव्यांगत्वाच्या रकान्यात काही भरू नका, असे मला सांगण्यात आले. होळीला हे कुटुंब परत जाईल. तोवर तिची नोंद कुठे आणि कशी करावी?

उत्तर १ – निवृत्त केंद्रप्रमुख, चोपडा

सर, आधी प्रवेश द्या. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 4 नुसार तिला वयानुरूप वर्गात बसवायचे आहे. कलम 5 प्रमाणे दाखल्यासाठी आणि कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. संचमान्यतेची (शाळेची शिक्षकपदे ठरवण्याची) 30 सप्टेंबरची पटसंख्या उलटून गेली, म्हणून दिवाळीनंतर आलेल्या मुलांना नुसते वर्गात बसवून घेण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ती मुलाच्या हिताची नाही. जनरल रजिस्टरमध्ये आजच्या तारखेने नाव घ्यावे.

पालकांकडे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, म्हणजे समग्र क्रमांक, विचारा. तिथे कुटुंबाचा 8 अंकी आणि प्रत्येक व्यक्तीचा 9 अंकी क्रमांक असतो, त्यावरून जुन्या शाळेचा माग लागू शकतो. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी ऑनलाइन नोंदीतील तिचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) मिळाला तर नवा तयार करू नका, कारण तसे केल्यास जुनी नोंद ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कोणत्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहते आणि शाळेत रोज येणारी मुलगी कागदावर शाळा सोडलेली ठरते.

उत्तर २ – विशेष शिक्षिका, शहादा

गुरुजी, आईच्या हाकेची गोष्ट तुमच्या लक्षात आली, हे फार मोलाचे आहे. आमच्या भागात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचा अबोलपणा भाषेच्या खाती टाकला जातो आणि कानाची तपासणी वर्षानुवर्षे राहून जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईपर्यंत थांबू नका, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करून तपासणी ठरवून घ्या. प्रमाणपत्राचा आग्रह कुठे लागू होतो हेही समजून घ्यायला हवे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट काही ठरावीक लाभांसाठी आहे. समावेशित शिक्षणाचे कलम 16 ती अट घालत नाही. त्यातच एक अडचण अशी की, ऐकू कमी येण्याची कायद्यातील व्याख्या दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल अशी आहे. त्याहून कमी श्रवणदोष असलेल्या मुलीला वर्गात निम्मे शब्द कळत नसले तरी ती कोणत्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून मी स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत एक पान स्वतः लिहून जोडते. त्यावर निदान नसते, पाहिलेले असते: 'पाठीमागून हाक ऐकू येत नाही, ओठ दिसले तर कळते, पहिल्या बाकावर डावीकडे बसवावे, सूचना फळ्यावर लिहावी.' आपल्याकडून ते मराठीत जाईल, तिकडे हिंदी लागेल. दोन्ही भाषांत लिहा. एक प्रत आईजवळ द्या आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवायला सांगा, कारण पालाच्या झोपडीत कागद टिकत नाही.

प्रश्नकर्ता

ताई, सर, मनापासून आभार. आज रजिस्टरला नाव घेतले. आईच्या मोबाइलमध्ये समग्र क्रमांकाचा फोटो निघाला. मुलगी पहिल्या बाकावर आली असून आज श्रुतलेखनात माझ्या ओठांकडे बघत तिने दहापैकी चार शब्द लिहिले. मंगळवारी तिच्या वडिलांना घेऊन मी ग्रामीण रुग्णालयात जात आहे; ते हिंदीतले पान आज रात्री लिहून ठेवतो.