सीतेची वेणी: हा फुलाचा दांडा की मूळ?

ऑर्किडची माहिती असलेल्यांची मदत हवी आहे.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. गेल्या पावसाळ्यात परड्यातल्या जुन्या आंब्याची एक फांदी मोडली. तिच्यावर सीतेची वेणी होती, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. फांदी सरपणात जाण्याआधी रोप सोडवलं आणि सुंभाने फणसाच्या खोडाला बांधलं. शेजारचे काका त्याला बांडगूळच म्हणतात. ते झाडाचा रस पीत नाही, नुसतं सालीवर बसतं, हे त्यांना पटवायचा नाद मी सोडलाय.

रोपाने फणस धरलाय, नवी पानंही आलीत. मुळं कोरडी असली की चांदीसारखी, पाणी मारलं की बघता बघता हिरवी होतात. आता एप्रिल संपत आला आणि खालच्या एका पानाच्या बगलेतून तांदळाएवढा हिरवा कोंब डोकावतोय. आंब्यावर ही मेअखेर फुलायची. आसामातली मैत्रीण म्हणते, तिकडे एप्रिलमधल्या बिहूला बायका हीच फुलं केसांत माळतात, कपौ फूल म्हणून. मग आमच्याकडे उशीर झालाय की हे नुसतं मूळ आहे? पानं पूर्वीपेक्षा गडद झालीत. शेणाचं पाणी घालू का?

प्रतिसाद:

उशीर वगैरे काही नाही. सह्याद्रीत ही मे-जूनमध्येच फुलते, आसामचं वेळापत्रक इथे लावू नका.

कोंब भिंगातून बघा. मूळ असेल तर टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत. लांबेल तसा मागचा भाग पांढरट पडतो. दांडा असेल तर टोक जरा चपटं आणि त्यावर बारीक खवले दिसतील, पुढे त्यांच्याच बगलेत कळ्या सुटतात.

शेणाचं पाणी अजिबात नको. त्यातल्या नत्राने पानंच माजतील. गडद पानं म्हणजे ऊन कमी पडतंय. फणसाच्या दोन-चार डहाळ्या छाटून सकाळची उन्हं आत येऊ द्या. रोप मात्र हलवू नका, सालीला चिकटलेली मुळं तुटतात. जागा बदललेली वेणी कधी कधी एखादा हंगाम फुलतच नाही, तेव्हा मूळ निघालं तरी घाबरू नका.

दांडाच निघाला तर पाणी फक्त मुळांवर मारा, फुलांवर नको. दोन-तीन आठवडे सहज टिकतात. बगलेचा जवळून फोटो टाका, सांगतो.