ठोकळा प्राइम आणि काटेरी प्राइम एकाच खणात : चालतंय काय?

पेठेतला_प्राइम
सरळ मुद्द्यावर येतो. रोबोट फिगर गोळा करायच्या तर एका खणात एकच शैली असावी, असं माझं ठाम मत.

१९८४ च्या ट्रान्सफॉर्मर्स (गाडीचे रोबोट होणारे) कार्टूनमधला ऑप्टिमस प्राइम, माझ्या भाषेत ठोकळा, म्हणजे छातीवर ट्रकच्या दोन काचा, चौकोनी खांदे, सपाट लाल-निळा रंग. २००७ च्या सिनेमातला, म्हणजे काटेरी, त्याचे पत्र्याचे तुकडे एकावर एक रचलेले आणि वर ज्वाळांची नक्षी. त्याच वर्षी सुरू झालेल्या ॲनिमेटेड मालिकेतला पुन्हा तिसराच, ही एवढी हनुवटी! हे तिघं शेजारी उभे केले की तिघांचीही मजा जाते. सिनेमातला एकटा असला की भारी वाटतो. ठोकळ्याजवळ आला की त्याचं अंग नुसतं पसाऱ्यागत दिसतं, आणि ठोकळा एकदम पोराटोरांचा वाटायला लागतो.

ही खेळणी विकणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीला हे कळत नाही असं नाही. २०२२ पासूनच्या लेगसी मालिकेत त्यांनी वेगवेगळ्या कार्टूनमधली पात्रं उचलली (बल्कहेड, आर्सी, आर्माडातला स्टारस्क्रीम) आणि सगळ्यांची धाटणी एक करून टाकली. शेजारी शोभतील अशी करूनच विकली. आहे तशी शोभली असती तर एवढे नवे साचे पाडले असते का? एका साच्याला काय पैसा लागतो ते आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानेवाल्यांना विचारा.

ट्रान्सफॉर्मर्सवाल्यांनी बोला, गंडमवाल्यांनीही (त्या जपानी रोबोट मालिकेचे किट जोडणाऱ्यांनी) बोला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा दाखला देणाऱ्याला आधीच हात जोडतो.

साच्यातला_माणूस
उद्यमनगरचं नाव काढलंस म्हणून बोलतो भावा, नाहीतर गप्प वाचत बसलो होतो.

तू जी शुद्ध शैली म्हणतोस ती १९८४ लाही नव्हती. हॅस्ब्रोनं त्या वर्षी जी खेळणी विकली ती जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन निरनिराळ्या मालिकांतली. डायाक्लोनच्या गाड्या १/६० मापाच्या, आत बसायला चिमुकला ड्रायव्हर. मायक्रो चेंजचा हिशेबच उलटा, तिथं वस्तू खऱ्या मापाची. म्हणून साउंडवेव्ह हातात धरायच्या टेपएवढा आणि मेगाट्रॉन चक्क पिस्तुलाएवढं पिस्तूल. प्राइमच्या मापानं बघायला गेलं तर हे दोघं तिथं बसायलाच नकोत. कार्टूनवाल्यांनी मेगाट्रॉन पिस्तूल होताना आपोआप लहान होतो असं दाखवून वेळ मारून नेली.

आणि १९८५ चा जेटफायर? तो टाकाराचासुद्धा नाही. टाकातोकू या दुसऱ्याच कंपनीनं केलेलं, मॅक्रॉस या जपानी कार्टूनमधलं व्हॅल्किरी विमान, डिझाइन शोजी कावामोरींचं. ते खेळणं प्राइमशेजारी ठेवून बघ. लांब निमुळतं नाक, पातळ पंख, वेगळ्याच जातीचं. हक्कांच्या भानगडीपायी कार्टूनमध्ये त्याचं नाव स्कायफायर केलं आणि रूपही बदललं. हे सगळं एका घरचं वाटायचं ते चित्रकारांनी सगळ्यांना एकसारखं काढलं म्हणून. खेळणी पहिल्यापासून मिसळलेलीच होती.

पेठेतला_प्राइम
@साच्यातला_माणूस इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. डायाक्लोन घे नाहीतर मायक्रो चेंज, दोन्ही एकाच काळातली, एकाच कंपनीच्या हातची. क्रोम केलेले भाग, धातूचे तुकडे, चिकटवायचे स्टिकर, ठोकळेबाज पाय. माप वेगळं असेल, पण नजरेला नातं लागतं. २००७ वाल्याचं कुणाशी नातं लागतंय ते सांग.

साच्यातला_माणूस
मग जेटफायरचं काय? त्याला सोयीस्कर वगळलास.

बावड्याचा_गनप्ला
तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टीवर भांडताय. शैलीपेक्षा पृष्ठभाग जास्त खटकतो.

माझं सगळं गंडम. १/१४४ मापात मूळ गंडम साडेबारा सेंटीमीटर भरतो, कारण कथेत तो १८ मीटरचा. हाय ग्रेडचा (साधा किट) घ्या नाहीतर रिअल ग्रेडचा (बारीक कामाचा), डिझाइन तेच, उंची तीच. तरी शेजारी ठेवले की हाय ग्रेडवाला अर्धवट सोडल्यागत दिसतो. रिअल ग्रेड २०१० ला आला तो पांढऱ्याच्याच दोन-तीन छटा, पॅनलच्या भरपूर रेघा आणि मुंगीएवढी अक्षरं घेऊन. हाय ग्रेड साधा, एकसारखा पांढरा. म्हणजे शैली एक असूनही जमेना!

मी हाय ग्रेडच्या खाचांत राखाडी मार्कर फिरवला, बाहेर आलेली शाई कान साफ करायच्या काडीनं पुसली, मग दोघांवर मॅट टॉप कोट मारला. आता हातभर लांबून फरक कळत नाही. ठोकळा आणि काटेरी प्राइमची चमक अशी एक करून बघा, निम्मं भांडण तिथंच मिटतंय. फक्त आपल्याकडच्या पावसात टॉप कोटचा डबा उघडू नका. दमट हवेत मारला की वर पांढुरकं धुकं धरतं आणि जाता जात नाही.

पेठेतला_प्राइम
प्राइमच्या काचेवर मॅट? माफ कर भावा. मात्र फिनिश शेजाऱ्याला मारतं हा मुद्दा लाखाचा.

गांधीनगरवाला
शैली निवडायची ऐपत असलेल्यांची चर्चा चाललीय, चालू द्या.

२०२० च्या बजेटात बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ ला ७० केली. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण सक्तीची. सरकारचं कारण असेल बरोबर, आपल्या देशातले कारखाने चालायला पाहिजेत. पण माझ्यासारख्याला जे सेलमध्ये दिसलं, जे कुणी जुनं काढलं, तेच घ्यावं लागतं. माझ्या खणात सिनेमातला बंबलबी, बीस्ट वॉर्स मालिकेतला डायनोबॉट आणि एक हात ढिला असलेला ठोकळा स्टारस्क्रीम आहे. शैली जुळेपर्यंत थांबलो असतो तर खणात नुसती धूळ असती.

पेठेतला_प्राइम
घेऊ नको म्हणालोच नाही. घेणं वेगळं, मांडणं वेगळं. तिघांना तीन खण दे.

गांधीनगरवाला
तीन खण! भाड्याच्या खोलीत कपाट आहे एक, त्यात वरचा खण आईच्या साड्यांचा.

रंकाळावेस
आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये शाळेच्या सहलीनंतर परत कुणी गेलंय का? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या सातवाहन काळच्या ब्राँझच्या वस्तू तिथल्या. त्यात एक पोसायडन आहे, समुद्राचा देव, पार रोमन जगाकडून आलेला. उघडं पिळदार अंग, एक हात वर. आणि त्याच साठ्यात हत्तीवर बसलेली माणसं आहेत, अगदी आपल्या मातीतली, गोल चेहऱ्यांची. दोन टोकांच्या शैली. पंचगंगेकाठी कुणीतरी दोन्ही एकत्र जपल्या होत्या आणि बघणाऱ्याला आजही त्यात काही खटकत नाही. उलट हत्ती बघून पोसायडनकडं वळलं की तो किती लांबून आलाय ते जास्त जाणवतं. तुमच्या खणात काटेरी प्राइमचं तेच होतं. ठोकळ्याजवळ असल्याशिवाय त्याचा काटेरीपणा कळणार कसा?

पेठेतला_प्राइम
@रंकाळावेस ताई, उदाहरण जबरदस्त, पण ते माझ्या बाजूला झुकतंय. त्या वस्तू एकत्र सापडल्या म्हणून एकत्र सांगतात. तो पुरावा आहे, सजावट नव्हे. म्युझियमवाले उद्या पोसायडनशेजारी शाहूकाळातली तलवार ठेवतील का?

रंकाळावेस
माझं कपाटही पुरावाच आहे की! कॉलेजात असताना सिनेमाचं वेड होतं, पहिल्या पगारात मास्टरपीस मालिकेतला ट्रान्सफॉर्मर घेतला, लॉकडाऊनमध्ये गंडम जोडले. मी घेतलेल्या क्रमानं लावते, डावीकडून उजवीकडं. शैलीनं लावायला घेतलं तर ती कुणाचीही कपाटं होतील, कॅटलॉगमध्ये असतात तशी.

साच्यातला_माणूस
ताईंनी मारलं! आणि @पेठेतला_प्राइम, कंपनीचा दाखला तू दिलास, मी पण देतो. २०१८ ला निघालेली स्टुडिओ सिरीज ही सिनेमातल्या काटेऱ्यांची, एकमेकांच्या मापात. २०२१ पासून त्याच मालिकेत १९८६ च्या ॲनिमेशनपटातले ठोकळे घातले. एकच मालिका, दोन्ही शैली. आता बोल.

पेठेतला_प्राइम
बोलतो की. डब्यावर ८६ असा वेगळा क्रमांक देऊन त्यांना बाजूला काढलंयच ना? कंपनीनंही खण वेगळाच केला, मालिकेच्या आत.

चौथीचा_पालक
आमच्या पोरीनं काल काटेरी मेगाट्रॉनला स्वयंपाकघरात ठोकळा बंबलबीच्या शेजारी पेशंट केलं, डॉक्टर हाय ग्रेड गंडम. तिला शैली विचारली तर म्हणाली, "ह्याचा पाय सारखा निघतोय म्हणून हा पेशंट." कपाटापुरतं तुमचं चालू द्या.

बावड्याचा_गनप्ला
पाय निघत असेल तर बॉल जॉइंटला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या. पूर्ण वाळू द्या, मगच बसवा, नाहीतर कायमचा चिकटेल. मेगाट्रॉन बरा होईल.

साच्यातला_माणूस
शेवटचं विचारतो पेठकर. जेटफायर कुठल्या खणात?

पेठेतला_प्राइम
मॅक्रॉसच्या.

साच्यातला_माणूस
मॅक्रॉसचं तुझ्याकडं दुसरं काय आहे?

पेठेतला_प्राइम
काही नाही.

गांधीनगरवाला
म्हणजे अख्ख्या खणात तो एकटा? आणि मी साड्यांखाली तिघं कोंबतोय! पाठव इकडं, स्टारस्क्रीमला सोबत होईल.

पेठेतला_प्राइम
कुठंही पाठवणार नाही. कुणाकडं जुनी व्हॅल्किरी विकायची असली तर इथंच सांगा. डबा नसला तरी चालेल, स्टिकर पिवळे पडलेले चालतील, सांधे तेवढे घट्ट पाहिजेत.