छोटी बेटं एकत्र येऊन खरंच काही पदरात पडतं का?

निळाई_८८
एक विचारायचंय. बेटांच्या आणि किनारपट्टीवरच्या देशांचं प्रादेशिक सहकार्य, शाश्वत विकास वगैरे वाचतोय गेले काही दिवस आणि डोकं भंजाळलंय. प्रत्येक समुद्रात दोन-चार संघटना, प्रत्येकीचं सचिवालय, शिखर परिषद, ग्रुप फोटो, जाहीरनामा. हिंदी महासागरात तर एक पाच सदस्यांचा आयोग आणि एक 23 देशांची संघटना, आणि दोन्हींची ऑफिसं मॉरिशसमध्येच. ते ठीक आहे, पण एकत्र आल्यामुळे एखाद्या चिमुकल्या देशाच्या तिजोरीत खरोखर पैसा आला किंवा समुद्रातला मासा वाचला असं ठोस काही आहे का? जाहीरनाम्यांच्या लिंका नकोत प्लीज.

भरती_ओहोटी
आहे की. ट्यूना बघा. 1982 चा नाऊरू करार, पॅसिफिकमधले आठ देश त्यात: पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, किरिबाती, नाऊरू, तुवालू, पलाऊ, मार्शल बेटं आणि मायक्रोनेशिया. डबाबंद मिळतो तो स्किपजॅक ट्यूना, जगातला साधारण निम्मा यांच्या पाण्यात सापडतो. पण आधी व्हायचं काय, की जपान, कोरिया, तैवानच्या बोटींशी प्रत्येकजण एकेकटा बोलणी करणार, एकाने जरा भाव ताणला की बोटवाले म्हणणार ठीक आहे शेजारी जातो, मासा तिकडेही तोच आहे. मग काय, मालाच्या किमतीच्या पाचेक टक्क्यांवर समाधान मानायचं.

नंतर यांनी नुसत्या बोटी मोजणं सोडलं आणि दिवस विकायला घेतले. वर्षाला एकूण किती बोट-दिवस (म्हणजे एका बोटीने एक दिवस मासेमारी करायची) ते आठही जणांनी मिळून ठरवायचं, आपसात वाटून घ्यायचे, आणि ठरलेल्या भावाच्या खाली कुणीही विकायचं नाही. 2012 ला किमान भाव दिवसाला 5,000 डॉलर होता, 2015 ला 8,000 झाला. 2010 च्या आसपास सगळ्यांचं मिळून वर्षाला 6 कोटी डॉलर येत होते, ते काही वर्षांत 50 कोटींच्या घरात गेले. किरिबातीची जमीन 811 चौरस किमी आणि समुद्र जवळपास 35 लाख चौरस किमी, सरकारच्या उत्पन्नातला सगळ्यात मोठा वाटा या परवान्यांचाच.

आणि नियम बारीक आहेत हां. 80 मीटरपेक्षा लांब बोट एक दिवस राहिली तर दीड दिवस कापला जातो, 50 मीटरच्या आतली असेल तर अर्धाच. बोट कुठे आहे ते सॅटेलाइटवर दिसतं. तरी कॅप्टन लोक सांगणारच की आज इंजिन बंद होतं, आज नुसते वाटेत होतो, हा दिवस धरू नका, त्यावरून भरपूर वाद झालेत.

मासा वाचायचं म्हणाल तर वर्षातला काही काळ, मासे गोळा व्हावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तरंगत्या सांगाड्यांखाली जाळं टाकायला बंदी असते. त्या सांगाड्याखाली सावलीला सगळंच गोळा होतं, बिगआय ट्यूनाची पिल्लंसुद्धा, आणि जाळं काही निवडून ओढत नाही.

उलटा_वारा
चांगलं उदाहरण आहे पण एवढं गुलाबीही नाही ते. एक तर मासा यांचा, पण डबे भरायचं काम बरंचसं थायलंडमध्ये, म्हणजे नोकऱ्या तिकडे. दुसरं, एल निनोच्या वर्षी गरम पाण्यामागे मासा पूर्वेला किरिबातीकडे सरकतो, ला निना असली की पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे. आता दिवस एकमेकांना विकता येतात म्हणून निभावतं, पण समुद्र असाच तापत राहिला तर बराच मासा कायमचा पूर्वेकडे, सगळ्यांच्याच हद्दीबाहेर खुल्या समुद्रात जाईल असा अंदाज आहे, मग काय विकणार?

आणि एकी म्हणता तर पॅसिफिक आयलंड्स फोरम बघा, म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांची संघटना. 2021 मध्ये महासचिव कोण व्हावा यावरून मायक्रोनेशिया भागातल्या पाच देशांनी बाहेर पडतो म्हणून सांगितलं. मनधरणी झाली, तडजोड झाली, तरी 2022 ला किरिबाती निघूनच गेला, पुढच्या वर्षी परत आला. खुर्चीचं भांडण कुठे चुकलंय.

भरती_ओहोटी
@उलटा_वारा डब्यांचं एकदम मान्य. पण ट्यूनाचा भाव त्या भांडणातही टिकला ना? कारण तो फोडला तर पहिलं नुकसान फोडणाऱ्याचंच. फोरममध्ये तसं रोखठोक काही नव्हतं.

पाऊसमापक
कॅरिबियनचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 2004 मध्ये आयव्हन चक्रीवादळात ग्रेनाडाचं नुकसान देशाच्या वर्षाच्या जीडीपीच्या जवळपास दुप्पट झालं. मदत येते, पण ती येईपर्यंत पगार कशातून द्यायचे, रस्ते कशातून साफ करायचे. त्यातून 2007 ला 16 सरकारांनी मिळून एक विमा काढला, सीसीआरआयएफ. एकट्या बेटाला असा विमा परवडत नाही, पण एकाच वर्षी सगळ्यांवर वादळ येत नाही म्हणून एकत्र काढला की हप्ता कमी बसतो.

यात सर्व्हेअर येऊन पडझड मोजत बसत नाही. वाऱ्याचा वेग, पाऊस, भूकंपाचा धक्का यांवरून मॉडेल नुकसान काढतं, ठरलेली मर्यादा ओलांडली की 14 दिवसांत पैसे. 2024 ला बेरिल वादळानंतर ग्रेनाडाला असे 4 कोटी डॉलरच्या वर मिळाले.

खोट पण सांगतो. मॉडेलने कमी धरलं तर घरं पडलेली असूनही हातात काही नाही. आणि रक्कम घेतलेल्या कव्हरपुरतीच. हैतीला 2010 च्या भूकंपानंतर जवळपास 80 लाख डॉलर मिळाले, नुकसान होतं 780 कोटींच्या आसपास. पहिल्या दिवसांची गरज भागवायला ठीक, गाव परत उभं करायला नाही.

निळाई_८८
वा, हेच हवं होतं, धन्यवाद सगळ्यांना. आता डोक्यात एकच किडा राहिलाय. ट्यूनाचा सगळा खेळ 200 सागरी मैलांच्या हद्दीवर आहे आणि ती हद्द मोजतात किनाऱ्यापासून. समुद्र वर आला, बेटाची कड गेली, तर हद्द पण आत सरकणार का?

उलटा_वारा
यात मात्र त्यांना मार्क द्यावे लागतील, भांडत असतानाच केलंय. ऑगस्ट 2021 ला फोरमने जाहीर केलं की एकदा हद्दी ठरवून संयुक्त राष्ट्रांकडे कळवल्या की समुद्र कितीही वाढो, आम्ही त्या बदलणार नाही. तुम्हाला जाहीरनामे नको होते, पण हा कामाचा निघाला.

भरती_ओहोटी
पुढचं पण सांगा की. जुलै 2025 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलावर सल्लागार मत दिलं त्यात हेच आलं, पाणी वाढलं म्हणून देशांनी आपले नकाशे किंवा आधाररेषा (जिथून हद्द मोजतात ती किनाऱ्याची रेषा) बदलायलाच हव्यात असं बंधन नाही. आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत नेण्याची मोहीम 2019 ला सुरू केली ती युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या लॉच्या पोरांनी, वानुआतूच्या कॅम्पसमधून. ती युनिव्हर्सिटी 1968 ची, आज 12 देशांच्या सामाईक मालकीची. @निळाई_८८ तुमच्या यादीत तीही टाका, परिषदांपेक्षा जास्त उपयोगाची आहे.