मदत हवी आहे : कंपनीकडे ४१ लाख अडकले आहेत, एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज कसा करायचा?

साकीनाका_पुठ्ठा
आमचा साकीनाक्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना असून लोअर परळला कार्यालय असलेल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे आमचे ४१ लाख रुपये थकले आहेत. मालाबद्दल त्यांनी कधीही तक्रार केलेली नाही, तरीही 'पुढच्या आठवड्यात बघतो' यापलीकडे उत्तर मिळत नाही. एनसीएलटीत अर्ज केला की भल्याभल्या कंपन्या वठणीवर येतात, असे ऐकतो. कृपया कोणता नमुना भरायचा, शुल्क किती आणि सुनावणीला कफ परेडला स्वतः हजर राहावे लागते का, एवढेच सांगावे. धीर धरण्याचे सल्ले भरपूर मिळाले आहेत, ते नकोत. आमच्याच बँकेचे पत्र येऊन पडल्यामुळे वेळ नाही.

फोर्ट_वकिली
एवढ्या माहितीवर उत्तर एकच आहे : अर्ज दाखल होणार नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली थकबाकीची किमान मर्यादा पूर्वी १ लाख रुपये होती, ती २४ मार्च २०२० रोजी १ कोटी करण्यात आली. एरवी पुरवठादाराने कलम ८ खाली मागणीची नोटीस द्यायची, दहा दिवस वाट पाहायची आणि त्या मुदतीत पैसे किंवा वादाची सूचना आली नाही तर कलम ९ खाली अर्ज करायचा, असा क्रम असतो. आपल्या ४१ लाखांवर तो दरवाजा बंद आहे. बिले केव्हाची आहेत, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केव्हाची आहे, व्यवसाय एकट्याच्या नावावर आहे की भागीदारीत, चेक मिळाला होता का आणि बँकेचे पत्र नेमके कसले आहे, हे लिहिल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

भाईंदर_उद्योजक
एनसीएलटीचा नाद सोडून द्या. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम आपल्यासारख्यांसाठीच आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तर करारात काहीही लिहिलेले असो, ४५ दिवसांपलीकडे उधारी चालत नाही, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करा. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही अट समजताच माझ्याकडचा खरेदीदार आपणहून तडजोडीला आला.

काळबादेवी_कापड
परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कायद्यात छापलेले आहे, ते छापलेलेच राहते. माझा अनुभव असा की व्यापारी घाबरतो तो फक्त चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ला. चेक परत आला असेल तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्या, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करा, आणि संचालकांना व्यक्तिशः आरोपी करा.

साकीनाका_पुठ्ठा
प्रश्न विचारला मी आणि उलटतपासणीही माझीच चालू आहे. बिले दीड वर्षाच्या आतली आहेत. उद्यम नोंदणी २०२१ ची आहे. व्यवसाय माझ्या एकट्याच्या नावावर आहे. साडेसहा लाखांचा एक चेक गेल्या आठवड्यात परत आला. खाते गोठवले आहे असा शेरा होता. बँकेचे पत्र सरफेसी कायद्याच्या (तारणातून कर्जवसुलीच्या) कलम १३(२) चे असून माझा राहता फ्लॅट तारण आहे. महिन्याभरापूर्वी त्या कंपनीच्या नावाची कसलीशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली होती आणि कोणी प्रोफेशनल नेमला आहे म्हणतात. पण कारखाना चालू आहे, खरेदी विभागाकडून नवीन ऑर्डरही येत आहेत, म्हणून त्या सूचनेचा येथे संबंध नसावा.

फोर्ट_वकिली
संबंध फक्त त्या सूचनेचाच आहे. दुसऱ्या कोणाच्या तरी अर्जावर, बहुधा बँकेच्या, या कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया एनसीएलटीत आधीच सुरू झालेली आहे. आता आपण अर्ज करण्याचा आणि १ कोटीच्या मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. कलम १४ ची स्थगिती लागू झाली असल्यामुळे कंपनीविरुद्ध नवा दावा लावता येत नाही आणि चालू असलेला पुढे नेता येत नाही. मात्र स्थगितीचा काळ मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षांत धरला जात नाही, त्यामुळे दावा मुदतबाह्य होईल या भीतीने धावपळ करण्याचे कारण नाही.

आपण करायचे ते असे : ज्याच्या हाती आता कंपनीचा कारभार आहे त्या हंगामी प्रोफेशनलकडे आपल्या थकलेल्या रकमेचा दावा नमुना 'बी' मध्ये पाठवावा. त्याचा ईमेल जाहीर सूचनेत असतो आणि सूचना आयबीबीआय या दिवाळखोरी नियामक मंडळाच्या संकेतस्थळावरही असते. शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, कफ परेडला जावे लागत नाही. सूचनेतील चौदा दिवसांची मुदत उलटली असली तरी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून ९० दिवसांपर्यंत तरी दावा देता येतो. तो न देता पुढे कंपनी सावरण्याचा आराखडा मंजूर झाला, तर आराखड्याबाहेरचे येणे संपुष्टात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

दाव्यातून किती पदरात पडेल याबद्दल मात्र फार आशा ठेवू नये. धनकोंच्या समितीत मताचा अधिकार बँकांसारख्या वित्तीय धनकोंना असतो, पुरवठादाराला नसतो. आपल्याला किमान एवढे मिळाले पाहिजे, जेवढे कंपनी मोडीत काढल्यावर मिळाले असते. आणि तारण असलेल्या बँका पुढे उभ्या असताना हा आकडा बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो.

भाईंदर_उद्योजक
तरीही परिषदेकडे अर्ज टाकून ठेवायला काय हरकत आहे? तो कायदा विशेष कायदा आहे.

फोर्ट_वकिली
कलम १४ मध्ये न्यायालय, न्यायाधिकरण, लवाद आणि इतर प्राधिकरण, सगळ्यांचा उल्लेख आहे. परिषद त्यातून सुटत नाही.

काळबादेवी_कापड
पण संचालकांविरुद्ध १३८ चालते. २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे की स्थगितीचे कवच कंपनीला मिळते, संचालकांना नाही.

ठाणे_सीए
त्या निकालाच्या पुढे मार्च २०२५ चा निकालही वाचावा. नोटिशीनंतरचे पंधरा दिवस स्थगिती लागल्यावर संपत असतील, तर त्या वेळी खाते संचालकाच्या हातात नसून प्रोफेशनलच्या हातात असते, म्हणून संचालकाविरुद्धची तक्रारच न्यायालयाने रद्द केली. येथे चेक गेल्या आठवड्यात परत आला आहे आणि सूचना महिन्यापूर्वीची आहे. या साडेसहा लाखांसाठी फौजदारी वकिलाला पैसे देण्याआधी तारखा जुळवून पाहाव्यात.

खारचा_सल्लागार
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. आपण स्वतः संहितेच्या कलम ९४ खाली वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज करा, त्याच दिवसापासून कलम ९६ ची अंतरिम स्थगिती लागते आणि बँक फ्लॅटला हात लावू शकत नाही. मी अनेकांना हेच सुचवले आहे.

फोर्ट_वकिली
ज्यांना सुचवले ते कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेले संचालक असावेत. संहितेचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू केलेला आहे. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याला मुंबईत अजूनही १९०९ चा इलाखा शहरे दिवाळखोरी कायदा लागतो, अर्ज उच्च न्यायालयात होतो, आणि त्या कायद्यातही तारणधारकाचा तारण विकण्याचा हक्क अबाधित ठेवलेला आहे. फ्लॅट वाचवण्याचा हा मार्ग नाही.

साकीनाका साहेब, कलम १३(२) च्या नोटिशीला ६० दिवस असतात. त्या काळात लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे भाग आहे. येणे अडकल्यामुळे हप्ते थकले, हे दाव्याची प्रत जोडून लिहा आणि कर्जाच्या पुनर्रचनेची मागणी करा. लघुउद्योगांसाठीची पुनरुज्जीवनाची चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये म्हटले आहे, परंतु खाते एनपीए (थकीत कर्ज) होण्याआधी उद्योजकाने स्वतः कागदपत्रांसह ती मागितली पाहिजे, असेही तेथेच म्हटले आहे. नोटीस आली याचा अर्थ खाते एनपीए झालेले आहे. त्यामुळे या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत डीआरटीकडे (कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे) कलम १७ चा अर्ज करता येतो.

विरार_रहिवासी
आमच्या बिल्डरविरुद्धही हाच नमुना 'बी' चालेल का? आम्ही सात जण आहोत.

ठाणे_सीए
नाही. फ्लॅटधारक २०१८ पासून वित्तीय धनको आहेत, त्यांचा नमुना 'सीए'. तोही प्रक्रिया सुरू झाल्यावर. ती सुरू करण्यासाठी एका प्रकल्पातील १०० किंवा १० टक्के खरेदीदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, एकत्र यावे लागतात. कृपया वेगळा धागा काढा.

साकीनाका_पुठ्ठा
दावा आज तयार करतो. बिलांबरोबर आणखी काय जोडू? आणि नवीन ऑर्डरचे काय करावे? खरेदी प्रमुख रोज दोनदा फोन करून गाडी पाठवा म्हणतात आणि जुने-नवे एकत्र चुकते करू असे सांगतात.

ठाणे_सीए
खरेदी आदेश, खातेउतारा, जीएसटीआर-१ व ३बी या जीएसटी विवरणपत्रांचे संबंधित उतारे आणि ई-वे बिले जोडावीत. व्याज प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतच मोजावे आणि मुद्दलापासून वेगळे दाखवावे.

फोर्ट_वकिली
'जुने-नवे एकत्र' हे आश्वासन देण्याचा अधिकार आता खरेदी प्रमुखांना नाही. जुने येणे दाव्यात जाईल. स्थगितीनंतर कंपनी चालू ठेवण्यासाठी प्रोफेशनलने घेतलेला माल मात्र प्रक्रियेचा खर्च ठरतो आणि तो सगळ्यांच्या आधी चुकता होतो. म्हणून प्रोफेशनलच्या सहीचा खरेदी आदेश आणि पैसे देण्याच्या अटी लेखी येईपर्यंत गाडी भरू नये. स्थगितीनंतरच्या या महिन्याभरात काही माल गेला असेल तर त्याचे बिल दाव्यात मिसळू नका, प्रोफेशनलकडे स्वतंत्रपणे पाठवा.

साकीनाका_पुठ्ठा
तीन गाड्या गेल्या आहेत. त्यांची बिले वेगळी काढतो आणि प्रोफेशनलला आजच ईमेल करतो.